जास्तीचं पाऊल

३ फेब्रुवारी

वन्सं,

नमस्कार. खुशाली शेवटी विचारीन, आधी भांडून घेते.

तुमचा पेनड्राइव्ह पोचला. तुमच्या भावाने तो बाहेरच्या खोलीतल्या नव्या संगणकाला लावून दिला, खुर्ची पुढे ओढली आणि ‘बैस, तुझा चोर आलाय’ म्हणून आत निघून गेला. इतक्या वर्षांनी आपला ‘पहारा’ पुन्हा पडद्यावर दिसणार म्हणून मी चष्मा पुसून बसले. दिसला. अंधारं गोदाम, मधोमध कंदिलाएवढा उजेड आणि त्यात आपला पहारेकरी. इथपर्यंत मी खूश होते. मग मी त्याला चालवलं.

किल्ल्या कुठे आहेत?

या खेळात पडद्यावर दिसतं ते जेमतेम, बाकी सगळं ऐकायचं, हे तुमचंच म्हणणं. त्या वेळच्या यंत्राला धड चित्र काढता येत नव्हतं, म्हणून तुम्ही मला जेवणाच्या टेबलाशी बसवलंत आणि म्हणालात, वहिनी, तुम्ही रेडिओवर नाटकांचे आवाज करता ना, मग मला एक अख्खं गोदाम कानाने बांधून द्या. मी दिलं. पहारेकऱ्याच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा आहे, तो पावलागणिक किणकिणतो. पोत्यांमागे उंदीर चीं चीं करतात. ते उंदीर म्हणजे ओल्या काचेवर घासलेलं बूच, आणि ते घासताना माझी बोटं सोलली होती. तुमच्या नव्या आवृत्तीत किल्ल्या ऐकू येत नाहीत, उंदीरही ऐकू येत नाहीत. कुणीतरी गोदाम धुऊनपुसून भाड्याने द्यायला काढलंय असं वाटतं. जुना खेळ नव्या यंत्रावर आणताना आवाज बिघडतात हे मी समजू शकते. पण हे बिघडणं नाही, हे चोरीला जाणं आहे. तेही चोर पकडायच्या खेळात.

त्यात प्रकाशकांच्या त्या माणसाचं पत्र. दर वाक्यात ‘लवकरात लवकर’. मी त्याचं नाव लवकरराव ठेवलंय. तो लिहितो, मार्चअखेर मी आवाजांना मान्यतेची सही दिली तर माझे आवाज राहतील. नाहीतर ते त्यांच्या संग्रहातले तयार आवाज घालून खेळ बाजारात आणतील. तयार आवाज म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. एकच दार, तेच झोपडीला आणि तेच राजवाड्याला. वन्सं, मी नोकरीभर आवाज केले आणि हवेत सोडले. नाटक संपलं की आवाज संपला, रेडिओने एक फीत जपून ठेवली नाही. माझ्या हातचं आता एवढं एक गोदाम उरलंय. ते किल्ल्यांवाचून जाणार असेल तर मी सही करणार नाही, आणि मी सही केली नाही तर ते मुळी उरणारच नाही. मला असं कोंडीत धरलेलं अजिबात आवडलेलं नाही.

पावलांचंही काहीतरी बिनसलंय. काय ते अजून सांगता येत नाही. नेमकं बोट ठेवता आलं की लिहीन.

फोन करू नका. हल्ली फोनवर सगळ्यांचेच आवाज डब्यातून आल्यासारखे येतात, आणि तुम्ही माझं वाक्य पुरं होऊ देत नाही. पत्रात तरी मला कुणी तोडत नाही.

तुमची तब्येत कशी आहे?

वहिनी


११ फेब्रुवारी

वहिनी,

तब्येत तुमचं पत्र उघडेपर्यंत चांगली होती.

या खेळामागे मी अर्धं वर्ष घालवलंय. त्याबद्दल मला ‘चोरी’ हा शब्द मिळणार असेल, तर निदान मी काय केलं ते वाचून घ्या.

आपण तो खेळ केला तेव्हा यंत्रात साउंड कार्ड खोचलेलं असायचं. खेळ थेट त्या कार्डाशी बोलायचा, हे पाऊल घे, आत्ता वाजव. नव्या यंत्रात ते कार्डच नाही. आपला खेळ आजही त्याच पत्त्यावर जाऊन हाका मारतो, आणि त्या घरात आता कुणी राहत नाही. म्हणून मी एक तोतया कार्ड लिहिलं. ते खेळाला ‘हो, मीच तो’ म्हणतं, आवाज हातात घेतं आणि मागच्या दाराने नव्या यंत्राला देतं. पहिल्यांदा चालवलं तेव्हा खेळ मुका. मग वाचा फुटली, पण अशी खरखर की गोदामात कुणी पत्रे कापतंय. नवं यंत्र एका वेळी ढीगभर कामं करतं, मध्येच आवाजाकडे पाठ फिरवतं, तेवढ्यात आवाज तुटतो. मग मी आवाज आधी थोडा साठवून मग सोडायची सोय केली. वर टाकी भरलेली असली की खालचं पाणी गेलं तरी नळाची धार तुटत नाही, तसं. खरखर गेली. इतका स्वच्छ आवाज त्या खेळाने जन्मात दिला नव्हता. आणि तुम्ही म्हणता, गोदाम धुऊन काढलं.

वहिनी, किल्ल्या आहेत. मी ऐकते आहे. उंदीरही आहेत. पहिल्यांदा वाजले तेव्हा माझं मांजर खिडकीतून उतरून संगणकाच्या मागे जाऊन बसलं, ते जेवायलाही उठेना.

तुम्ही लिहिता, ‘ऐकू येत नाहीत’. आपल्या भाषेची ही एक खोडच आहे. वस्तू वाजत नसली तरी ऐकू येत नाही, आणि वाजत असून कानापर्यंत पोचत नसली तरी ऐकू येत नाही. शब्द तेच. तर यातलं नक्की कुठलं ते कळवा. राग मानू नका, पण दादा परवा फोनवर म्हणाला की हल्ली दाराची घंटा त्यालाच ऐकू येते, आणि तुमच्या मनगटावरचं घड्याळ पिक पिक करत राहतं तेही तोच येऊन बंद करतो. एकदा कान तपासून घ्या.

लवकररावांना (नाव झकास आहे, आता फोनवर चुकून तोंडातून जाईल) मी सही येईल असं सांगून ठेवलंय.

तुमची नणंद


१६ फेब्रुवारी

वन्सं,

‘ऐकू येत नाही’चे अर्थ मला शिकवू नका. रेडिओत माझा पहिला दिवस होता. काचेपलीकडचा ध्वनिलेखक हाताने खुणा करून ‘ऐकू येत नाही’ म्हणाला आणि मी घसा फाडून ओरडले. त्याची तार निघाली होती. तेव्हापासून कुणीही ते वाक्य म्हटलं की मी आधी तार तपासायला सांगते. तुम्हीही तार तपासा.

पावसाचा आवाज तांदळाने करायचा की वाटाण्याने, यावरून मी एका नाटककाराला स्टुडिओबाहेर काढलं होतं. त्या बाईला तुम्ही मांजराची साक्ष काढून दाखवता.

तुमचा भाऊ हलक्या कानाचा आहे हे लग्नातच कळलं होतं. तो माझ्या कानांच्या चहाड्याही करतो हे आत्ता कळलं. मी त्याच्याशी बोलणं बंद केलंय. त्याच्या ते अजून लक्षात आलेलं नाही.

कान तपासून घेणार आहे. एवढ्याचसाठी की तो कागद मला तुमच्या तोंडावर फेकता यावा.

वहिनी


२३ फेब्रुवारी

वहिनी,

तार तपासली. तार ठीक आहे. स्पीकर बदलले, यंत्र बदललं. शेवटी शेजारणीला बोलावलं आणि काही न सांगता ऐकवलं. ती म्हणाली, ‘या किल्ल्या कुणाच्या?’

आता मी आणखी काय करावं ते तुम्हीच सांगा.

लवकररावांचा फोन रोज येतो. ते विचारतात, बाईंना नक्की काय हवंय. मी म्हणते, किल्ल्या. ते म्हणतात, किल्ल्या तर आहेत. मग मी फोन ठेवते.

कागदाची वाट पाहते. हेल्मेट घालूनच पाकीट उघडीन.

तुमची नणंद


८ मार्च

वन्सं,

कागदाची नक्कल सोबत आहे. फेकण्याच्या लायकीचा निघाला नाही.

मला त्यांनी एका काचेच्या खोलीत बसवलं. भिंतींना मऊ अस्तर, डोक्याला हेडफोन, जाड दार. थेट आमचा स्टुडिओ, फक्त मी काचेच्या भलत्या बाजूला. हातात एक बटण दिलं आणि सांगितलं की आवाज आला की दाबा. आधी भराभर दाबलं. मग बराच वेळ काही आलं नाही. मला वाटलं, यांचंही यंत्र बिघडलं, आता वन्संना लिहायला मजा येईल. सहज काचेतून पाहिलं, तर पलीकडची बाई तिच्या बाजूची बटणं दाबत होती. एक दाबायची, माझ्याकडे बघायची, थांबायची. पुन्हा एक दाबायची. ती आवाज पाठवत होती, वन्सं. मी नुसती बसले होते.

बाहेर आल्यावर डॉक्टरीणबाई माझ्याकडे न बघता तुमच्या भावाला समजावू लागल्या. यांना अमुक पट्टीतलं कमी येतं, यांच्याशी समोर उभं राहून बोला, यांना घाई करू नका. मी तिथेच खुर्चीत होते. कान गेले म्हणजे मी खोलीतून गेले नव्हते. तुमचा भाऊ म्हणाला, ‘हे सगळं तिला सांगा. आवाजातलं मला काही कळत नाही, तिला कळतं.’ त्यामुळे त्याच्याशी बोलणं पुन्हा सुरू केलंय. तेही त्याच्या लक्षात आलेलं नाही.

तर, वरच्या पट्टीतलं गेलं. खालचं शाबूत आहे. किल्ल्या, उंदीर, घंटा, घड्याळ, सगळी बारीक मंडळी गेली. समोरच्या अंगणातलं झाड तोडल्यापासून सकाळचे पक्षी येईनासे झाले, असं मी वर्षभर सगळ्यांना सांगत होते. ते येत असणार.

किल्ल्यांचं भांडण मी हरले. लेखी देते.

आता पावलांचं. तेव्हा सांगता येत नव्हतं, आता येतं.

जुन्या यंत्रात जागा एवढी थोडी होती की त्यात एकच पाऊल मावलं. तुमच्या भावाला जुने बूट चढवून जिन्याखालच्या फळीवर चालवलं, त्यातलं एक घेतलं, आणि पहारेकऱ्यालाही तेच, चोरालाही तेच. दुसरी कुणी जागेच्या नावाने रडली असती. तुम्ही त्यावरच खेळ रचलात. चोर पहारेकऱ्याच्या पावलाबरोबर पाऊल टाकतो, म्हणून तो कळत नाही. पहारेकरी अचानक थांबला की चोराचं एक पाऊल जास्तीचं पडतं. चोर आहे याची खूण एवढीच. ती ऐकायची, वळायचं, पकडायचं.

आता मी थांबते तेव्हा दर वेळी एक जास्तीचं पाऊल पडतं. मागे चोर असो की नसो. वळावं तर कुणी नाही. ते पाऊल चोराचं नाही, माझंच आहे, फक्त उशिरा पोचतंय. मी स्पीकरची जाळी काढली आणि आतल्या कागदी शंकूवर बोटं टेकवून बसले. पडद्यावर पहारेकरी थांबतो, आणि त्यानंतर बोटांखाली ढब. पावलाचा आवाज खालच्या पट्टीतला आहे, तो माझ्या कानांना अजून व्यवस्थित येतो. बोटं नुसती साक्षीला.

हे दुरुस्त करा. लगेच सही देते. किल्ल्या तुमच्या शब्दावर मान्य.

वहिनी


१४ मार्च

प्रिय वहिनी,

कागद वाचून फार वाईट वाटलं. मी आधी जे काही टाकून बोलले ते विसरून जा. कानाला लावायची यंत्रं हल्ली इतकी लहान मिळतात की केसांआड दिसतही नाहीत. दादाला सांगते, तो तुम्हाला घेऊन जाईल.

पावलांचं मी पुन्हा खेळून पाहिलं. जास्तीचं पाऊल पडतं, पण ते चोराचं असतं आणि ते पडायलाच हवं. तुम्हीच लिहिलंय तसा तो खेळच आहे. या अवस्थेत असं होतं म्हणे. मी थोडं वाचलं, ऐकणं कमी झालं की मेंदू आपल्या मनाने भर घालतो. तुम्ही ते मनाला लावून घेऊ नका.

लवकररावांशीही बोलले. त्यांना सगळी परिस्थिती सांगितली. ते फार समजूतदारपणे वागले. म्हणाले, असं असेल तर बाईंना सहीचा त्रास कशाला, मी एकटीने तांत्रिक मान्यता दिली तरी चालेल. म्हणजे तुमचे आवाज राहिले आणि तुमच्या डोक्याला ताप नाही. फक्त उंदीर ते बदलतील, त्यांच्या संग्रहात जास्त स्पष्ट उंदीर आहे. मी हो म्हटलं, कारण तसाही तो तुम्हाला आता…

असो. विश्रांती घ्या. शनिवारी कागद पाठवून देते आहे, तुम्ही काही करायचं नाही.

तुमची


१९ मार्च

वन्सं,

कुठली अवस्था?

लग्न होऊन मी तुमच्या घरात आले तेव्हापासून तुम्ही माझ्याशी कधी गोड बोलला नाहीत, म्हणून तर आपलं पटलं. या पत्रात पहिल्यांदा ‘प्रिय’ लिहिलंत. मला वाटलं, घरात कुणी गेलं की काय. शेवटी कळलं की मीच गेले. माझ्या मागे माझे आवाज कसे ठेवायचे ते तुम्ही आणि लवकरराव ठरवताय, उंदीर बदलताय, आणि मला विश्रांती घ्यायला सांगताय.

किल्ल्यांचं मी हरले आणि सरळ कबूल केलं. तुम्ही त्याचा अर्थ असा लावलात की यापुढे मी जे म्हणेन ते सगळंच आधीच हरलेलं. त्या कागदावर लिहिलंय की बाईंना वरच्या पट्टीतलं ऐकू येत नाही. बाईंना कळत नाही असं कुठल्या ओळीत लिहिलंय? मला तरी सापडलं नाही. तुमच्याकडच्या नकलेत असेल तर कळवा.

आणि तुमचं वागणं बघा. मला ऐकू येत नव्हतं तेव्हा तुम्ही तार तपासली, स्पीकर बदलले, शेजारीण बोलावली. आता मला ऐकू येतंय, तर तुम्ही काहीच तपासलं नाही, माझा कागद तेवढा वाचला. माझ्या न ऐकण्याची एवढी खातरजमा केलीत, ऐकण्याची एकदाही करावीशी वाटली नाही? मी कान तपासले नसते तर माझ्या पावलांना तुमच्याकडे जास्त किंमत होती. उद्या कुणी मला विचारलं की कान तपासू का, तर मी सांगणार आहे, खुशाल तपास, पण वन्संना कळू देऊ नकोस.

माझ्या कानांची बातमी त्या माणसाला सांगायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला? मी माझ्या बहिणीलाही अजून सांगितलेलं नाही. आता तो मला उद्देशून हळूहळू बोलेल, मोठ्या अक्षरांत पत्र पाठवील.

आणि स्पष्ट उंदीर म्हणजे काय असतं? उंदीर अस्पष्टच असतो. असेल की नसेल, असं वाटायला लावतो, म्हणून तर पहारेकरी घाबरतो. स्पष्ट उंदीर हवा असेल तर तुमचं मांजर पाठवा, ते आणून देईल.

आता एक करा. भांडण नको, काम करा. प्रोग्राम तुमचा आहे, त्यातून चोर काढून टाका. पूर्ण काढा, एकही चोर नसलेलं गोदाम ठेवा. मग डोळे मिटून पहारेकऱ्याला चालवा आणि मध्येच थांबवा. जास्तीचं पाऊल पडलं नाही तर मला भास होतात, तुम्ही तांत्रिक मान्यता द्या, उंदीर बदला, दारंखिडक्याही बदला. पडलं, तर मला पत्र लिहा. त्यात एक गोड शब्द दिसला तर न वाचता परत पाठवीन.

वहिनी


२५ मार्च

वहिनी,

चोर काढला. चालले. थांबले. पाऊल पडलं.

पुन्हा चालले, पुन्हा थांबले, पुन्हा पडलं. रिकाम्या गोदामात कुणी नाही हे मला पक्कं ठाऊक, मीच हाताने काढलेला. तरी मी मान वळवून मागे पाहिलं. पडद्यावर नव्हे, माझ्या खोलीत.

ती टाकी आहे. आवाज आधी साठवायचा आणि मग सोडायचा, ती युक्ती मीच केली आणि तुमच्यापुढे मिरवली. साठवायला वेळ लागतो. पापणी लवण्याएवढा उशीर, दुसऱ्या कुठल्याही खेळात कुत्र्यालाही कळला नसता. पण हा खेळ उभाच आहे त्या पापणीएवढ्या वेळावर. पाऊल वेळेत पडलं तर पहारेकऱ्याचं, उशिरा पडलं तर चोराचं. मी पहारेकऱ्याचंही उशिरा पाडलं. म्हणजे खरखर घालवायच्या नादात मी चोरालाच पाठीशी घातलं. आता तो गोदामात असून नसल्यासारखा आहे, कुणीही पकडू शकणार नाही.

मला कसं कळलं नाही याचा दोन दिवस विचार केला. चोर कुठे आहे ते मला आधीच माहीत असतं. त्याच्या वाटा मी लिहिल्या आहेत. जास्तीचं पाऊल पडलं की मी म्हणते, बरोबर, हाच तो. मी ऐकत नव्हते, हजेरी घेत होते. शेजारणीला बोलावलं तेव्हाही किल्ल्या ऐकवल्या, खेळायला दिलं नाही.

लवकररावांना फोन करून तांत्रिक मान्यता मागे घेतली. ते वैतागले. म्हणाले, ‘लोकांना खरखर कळते, उशीर कळत नाही.’ मी म्हटलं, ‘एका बाईंना कळला, आणि त्यांना किल्ल्याही ऐकू येत नाहीत.’ मग त्यांनी पहिलीच अट पुढे केली. महिनाअखेर तुमची सही, नाहीतर सगळे आवाज त्यांचे. तुमच्या कानांबद्दल कुणाशी एक अक्षर बोलायचं नाही असंही त्यांना सांगितलं. ते आधीच बोलून बसलेली मी, त्यामुळे त्याला फारसा अर्थ उरला नव्हता, पण सांगितलं.

टाकी लहान केली आहे. उशीर गेला. खरखर परत आली, पूर्वीइतकी नाही, पण मधूनच येते, छपरावर कुणी मूठभर वाळू टाकावी तशी. दोन्ही एकदम घालवायला मला वेळ लागेल आणि तो नाही. खरखर सोसायची की पाऊल, हे ठरवणं तुमचं. उंदीर तुमचाच आहे. नवा पेनड्राइव्ह आणि मान्यतेचा कागद सोबत.

गोड शब्द शोधून पाहा. एकही नाही.

तुमची नणंद


२९ मार्च

वन्सं,

खेळले. रिकामं गोदाम रिकामं निघालं. मग चोराला आत सोडलं आणि सकाळभर त्याच्या मागे होते. दोनदा हातून सुटला, तिसऱ्यांदा सापडला. तुमचा भाऊ बघत उभा होता. म्हणाला, ‘ते माझं पाऊल आहे, मला पकडून काय मिळवलंस?’

खरखर राहू द्या. गोदामाचं छप्पर पत्र्याचं आहे असं समजतील लोक. जे समजणार नाहीत त्यांनी लवकररावांना पत्र लिहावं.

आता तुमचा तो कागद. त्यावर छापलंय, ‘सर्व आवाज ऐकून तपासले व मान्य केले’, आणि खाली एका सहीची रेघ. यातल्या ‘सर्व’ शब्दावर मी सही करू शकत नाही. सर्व मी ऐकलेले नाहीत. म्हणून तो शब्द खोडला आणि शेजारी लिहिलं, पावलं, दारं, पोती, कंदिलाची कडी मी ऐकली. खाली आणखी एक रेघ ओढली आणि लिहिलं, किल्ल्या व उंदीर माझ्या नणंदेने ऐकले. पहिल्या रेघेवर माझी सही आहे. दुसरी तुमच्यासाठी मोकळी ठेवली आहे. पाकीट कुरियरने पाठवतेय, मुदतीआधी पोचेल. लवकरराव म्हणतील, कागदावर एकाच माणसाची सोय आहे. त्यांना सांगा, एकीला किल्ल्या ऐकू येत नाहीत, दुसरीला उशीर ऐकू येत नाही, दोघींचं मिळून एक धड माणूस होतं, त्याच माणसाच्या या दोन सह्या. वर काही बोलले तर मला फोन करू द्या. फोनवर ते काय म्हणतात ते मला नीट ऐकू येणार नाही, त्यामुळे माझं बोलणं कुणी तोडणार नाही.

मी अजून रागावलेली आहे. तुम्ही माफी मागितली नाहीत ते बरं केलंत. मागितली असतीत तर मला ती घ्यावी लागली असती, आणि सध्या माझा तसा विचार नाही. कानाचं यंत्र घेईन. पण कुठलं, कधी आणि केसांआड की केसांवर, ते मी ठरवीन.

आता नीट वाचा. डोळे मिटून सही ठोकून द्यायची नाही. मांजराला खोलीबाहेर काढा, दार लावा आणि उंदीर पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐका. बूच काचेवरून खाली येताना शेवटी जरासं अडखळतं. मी ते मुद्दाम ठेवलं होतं, कारण त्या अडखळण्याने तो बुचाचा उंदीर झाला. स्वच्छ करताना ते पुसलं गेलं असेल तर मला आता कळायचा मार्ग नाही. तुम्हाला ऐकू आलं तरच सही करा. नाही आलं, तर सही करू नका, मला लिहा. सगळे आवाज गेले तरी चालतील, पण माझ्या नावावर भलता उंदीर नको.

वहिनी